डबल बोगी थांबली की स्कोअर उतरतो

गोल्फमध्ये पार म्हणजे एका होलला ठरलेले फटके. त्याहून एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल, तीन जास्त तर ट्रिपल बोगी, आणि एक कमी लागला तर बर्डी. अठरा होल मिळून पार ७२ च्या कोर्सवर १७ होलवर बोगी आणि फक्त एका होलवर पार झाला, तरी स्कोअर ८९ येतो. त्यात बर्डी एकही नाही. म्हणून ९० च्या आत यायचं असेल तर आधी डबल आणि ट्रिपल बोगी कुठून येतात ते शोधा. त्यातल्या पुष्कळशा खराब स्विंगमुळे येत नाहीत, फटक्याआधी घेतलेल्या निर्णयामुळे येतात.

सुरुवात स्वतःच्या कॅरीपासून करा. चेंडू हवेतून जाऊन पहिला टप्पा घेतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे कॅरी; पुढचं घरंगळणं त्यात धरायचं नाही. ७ आयर्नने (आयर्न म्हणजे लोखंडी क्लब; आकडा लहान तितका चेंडू लांब जातो) २० चेंडू मारा, अगदीच फसलेले दोन-तीन सोडा आणि बाकीच्यांची कॅरी लिहून ठेवा. समजा ती १३६ ते १५२ यार्ड आली आणि सरासरी १४४ निघाली. आपण मात्र लक्षात ठेवतो १५०, कारण छान बसलेला फटका तोच आठवतो. आता ग्रीनपुढचा (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, ओलांडायला १४५ लागत असतील, तर ७ आयर्नचे निम्मे चेंडू वाळूत पडणार. अशा वेळी ६ आयर्न घ्यायचा. हौशी खेळाडूंचे चेंडू लक्ष्यापलीकडे क्वचित जातात, अलीकडेच जास्त पडतात. रेंजफाइंडरने (अंतर मोजायचं यंत्र) नुसतं पिनचं, म्हणजे होलमधल्या झेंड्याचं, अंतर घेऊन थांबू नका. ग्रीनची पुढची आणि मागची कडा किती यार्डांवर आहे तेही बघा.

आता दिशा. कुणाचेही फटके एका रेषेत पडत नाहीत, त्यांचा पसारा असतो. तुमचा पसारा ३० यार्ड रुंद असेल, तर नेम जिथे धराल त्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ यार्ड चेंडू जाऊ शकतो. पिन उजव्या कडेपासून ५ यार्डांवर असताना पिनवरच नेम धरला, तर चांगला मारलेला चेंडूसुद्धा जरा उजवीकडे सरकला की ग्रीनबाहेर. शिवाय तिथून पिनकडे थोडंच ग्रीन उरतं, चिप, म्हणजे ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका, थांबवायला जागाच मिळत नाही. नेम ग्रीनच्या मध्यावर धरला तर उजवीकडे गेलेला चेंडू पिनजवळ जातो आणि डावीकडचा ग्रीनवरच राहतो. दर वेळी पिनकडे मारण्याचा मोह आवरणं, हा मला या खेळातला सगळ्यात स्वस्त सुधार वाटतो. त्यासाठी स्विंगमध्ये काहीही बदलावं लागत नाही.

चेंडू सतत एकाच बाजूला वळत असेल तर त्याच्याशी भांडू नका, तो धरूनच नेम लावा. उजव्या हाताच्या खेळाडूचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, उजवीकडे वळत असेल, तर टी बॉक्सच्या (जिथून होल सुरू होतो ती जागा) उजव्या टोकाला टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, लावून फेअरवेच्या (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) डाव्या अर्ध्याकडे मारावं. म्हणजे चेंडूला वळायला फेअरवेची पूर्ण रुंदी मिळते. चेंडू टी मार्करच्या मागे दोन क्लब-लांबीपर्यंत कुठेही ठेवता येतो, आणि पाय त्या चौकटीबाहेर असले तरी चालतात. ही मोकळीक फार थोडे जण वापरतात.

वाऱ्याचा हिशोब साधा आहे. समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल तर अंतर ढोबळमानाने १० टक्क्यांनी वाढवून धरा, म्हणजे १५० चे १६५. मागून तेवढाच वारा असेल तर फक्त ५ टक्के वजा करा. समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारलं की फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि तिथेच थबकतो. दोन क्लब मोठा घेऊन सावकाश मारा. ग्रीन १० यार्ड खाली असेल तर साधारण १० यार्ड कमी धरावेत, वर असेल तर तेवढेच जास्त.

झाडांत अडकलात की आधी हिशोब करा. मोकळ्या बाजूने फेअरवेवर चेंडू काढायला एक स्ट्रोक जातो. फांद्यांमधल्या खिडकीतून मारलेला चेंडू बुंध्याला लागला तर दोन-तीन जातात, आणि चेंडू बहुधा आणखी वाईट जागी पडतो. दहापैकी आठ वेळा तो फटका जमेल असं प्रामाणिकपणे वाटत नसेल, तर बाजूलाच काढा. चेंडू हद्दीबाहेर गेला किंवा हरवला असण्याची शंका असेल तर ‘प्रोव्हिजनल’ (पहिला न मिळाल्यास चालणारा पर्यायी चेंडू) असं स्पष्ट सांगून तिथूनच दुसरा मारा. शोधायला ३ मिनिटंच मिळतात. चेंडू नाही सापडला तर पेनल्टीसह टीवरचा पुढचा फटका तिसरा ठरतो. लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात (बहुधा पाण्याचा भाग) मात्र एका स्ट्रोकच्या दंडात दोन क्लब-लांबीच्या आत चेंडू टाकायची सवलत मिळते. त्यामुळे दोन्ही बाजूंना धोका असेल तर लाल खुंट्यांची बाजू परवडते.

४८० यार्डांचा पार ५ दुसऱ्या फटक्यात गाठायची गरज नाही. २०० + १६० + १२० असा हिशोब करा, म्हणजे ३ वुडची (लांब मारायचा, पण साधायला अवघड क्लब) जोखीम टळते. पुढे बंकर किंवा पाणी नसेल तर मात्र दुसरा फटका शक्य तितका पुढे न्या. मुद्दाम १०० यार्ड ‘राखून’ ठेवण्याने बहुतेकांचा फायदा होत नाही.

ग्रीनवर ८ फुटांवरून टूरवरच्या व्यावसायिकांचेही साधारण निम्मेच पट (ग्रीनवर चेंडू घरंगळत मारलेले फटके) होलमध्ये जातात. म्हणून ३० फुटांवरून होल साधायला बघू नका. होलभोवती ३ फुटांचं वर्तुळ कल्पून त्यात चेंडू थांबवा, तोही होलच्या खालच्या बाजूला, म्हणजे पुढचा पट चढावर राहतो.

राउंडनंतर कार्डावर प्रत्येक डबल बोगीपुढे एकच अक्षर लिहा: पेनल्टीला ‘प’, तीन पटांना ‘त’, झाडांतून फसलेल्या सुटकेला ‘झ’, चुकीच्या क्लबला ‘क’. पाच राउंडनंतर जे अक्षर सर्वात जास्त दिसेल, पुढचा महिना त्याचाच सराव करा.