पट्टा दिला, पण अडकवायचा कुठे?

मी बांधकामाच्या साइटवर सुरक्षा अधिकारी आहे असे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: कामगार हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट वापरत नाहीत, त्यांना शिस्त कशी लावायची? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सांगतो. कामगाराच्या स्वभावात दोष शोधण्याआधी, सुरक्षितपणे काम करणे त्याला त्या जागी शक्य आहे का, हे पाहावे.

बेल्टचेच घ्या. परांचीवर चढलेल्या माणसाला हुक अडकवायला भक्कम जागा नसेल, तर बेल्ट नुसता अंगावरचा भार ठरतो. पुष्कळदा हुक पायाजवळच्या नळीला अडकवलेला दिसतो. अशा वेळी पाय घसरला, तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस तिच्या लांबीच्या जवळपास दुप्पट खाली येतो, आणि तेवढ्यात खालचा स्लॅब किंवा उघड्या सळ्या त्याला लागू शकतात. तीच दोरी डोक्यावरच्या लाइफलाइनला, म्हणजे हुक अडकवण्यासाठी ताणून बांधलेल्या भक्कम दोराला असेल, तर तो फारच थोडा खाली जातो. शिवाय हुक एकच असेल, तर पुढे सरकताना तो काढावाच लागतो आणि नेमका त्या क्षणी माणूस मोकळा असतो. दोन हुकांचा बेल्ट दिला आणि काम सुरू होण्याआधी लाइफलाइन बांधली, तरच कामगाराला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.

मजुरीचा प्रश्न मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. सेंटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठी साचा उभारणे), प्लास्टर, सळई बांधणे ही कामे बहुधा उक्ती दिली जातात. चौरस फुटावर किंवा टनावर पैसे मिळणाऱ्या टोळीला हुक काढण्या-घालण्यात गेलेला वेळ स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. तिथे दंड करून काही साधत नाही; अधिकारी दिसला की हेल्मेट डोक्यावर येते, त्याची पाठ वळली की उतरते, आणि थोडक्यात टळलेला अपघात मजुरी कापली जाण्याच्या भीतीने कोणी सांगत नाही. म्हणून परांची नीट उभारणे, कठडे लावणे, लिफ्टचे डक्ट झाकणे यांचे पैसे ठेकेदाराच्या दरात वेगळे धरावेत, असा माझा आग्रह असतो.

बिहार, झारखंड किंवा पश्चिम बंगालमधून आलेली टोळी आमच्यापेक्षा मुकादमाचे अधिक ऐकते, आणि ते स्वाभाविकही आहे. त्यामुळे सकाळची टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीची सुरक्षेची छोटी चर्चा, त्यानेच, त्यांच्या भाषेत आणि त्या दिवशीच्या कामापुरती घ्यावी. तो स्वतः हुक न लावता कडेला उभा राहिला, तर आमची सगळी पोस्टर्स व्यर्थ आहेत.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 500 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सुरक्षा समिती ठरवून दिली होती आणि तीत कामगारांचे प्रतिनिधीही अभिप्रेत होते. संख्या कमी असली तरी अशी बैठक घेण्यापासून कोणी अडवलेले नाही. तिथे बिगाऱ्याने दाखवलेले उघडे भोक त्याच दिवशी झाकले गेले, तर पुढच्या वेळी तो आपणहून सांगायला येतो.