हायब्रिडची बॅटरी आणि हायवेचा जॅम: नोंदी, भाग ३

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी. आधीच्या दोन भागांत तिच्या गावातल्या फेऱ्या आणि रिकामा हायवे झाला. हा भाग फक्त थांबत-सरकत चालणाऱ्या रांगेचा. गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर पेण-वडखळपासून कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरेपर्यंत लागते ती रांग डोळ्यांसमोर ठेवा.

गाडी तीच. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ई-सीव्हीटी (हायब्रिडचा क्लचविना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), १७७.६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी, क्षमता ०.७६ किलोवॅट-तास. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये हाच संच आहे. वीजबिलाच्या हिशेबात बॅटरी म्हणजे जेमतेम पाऊण युनिट. तेही सगळं वापरायला मिळत नाही. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून कंट्रोलर (बॅटरी सांभाळणारा गाडीतला संगणक) चार्ज साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो. म्हणजे हातात राहतं सुमारे ०.३ युनिट. या आकड्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या कांड्यांवरून मोजमाप होत नाही. एक कांडी म्हणजे बरीच मोठी पायरी असते आणि खालची कांडी उरली म्हणजे बॅटरी संपली असंही नसतं. ओबीडीच्या, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या सॉकेटला ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल लावून फोनवरच्या ॲपमध्ये चार वाचनं घ्या: चार्जची टक्केवारी, बॅटरीचा करंट, बॅटरीचं तापमान आणि इंजिनचे आरपीएम. स्वस्त डोंगल एका वेळी चारपेक्षा जास्त वाचनं मागितली की अडखळतो आणि करंटचा आकडा दोन-तीन सेकंद शिळा येतो. करंटमध्ये चार्जिंगचं चिन्ह अधिक आहे की उणे, हे ॲपनुसार बदलतं. उतारावर ब्रेक लावून एकदा खात्री करून घ्या, नाहीतर अख्खी नोंद उलटी वाचली जाईल.

रांग दोन जातींची असते

हायब्रिडला ट्रॅफिक मानवतो, हे अर्धंच खरं. रत्नागिरी किंवा चिपळूण शहरात गाडी ३०-४० च्या वेगाने जाते, सिग्नलला किंवा नाक्याला थांबते, पुन्हा उठते. माणसं धरून दीड टनाची गाडी ४० वरून शून्यावर येते तेव्हा तिच्यातली गतिज ऊर्जा असते सुमारे २६ वॉट-तास. ब्रेक हलका आणि लवकर धरला तर यातला चांगला वाटा मोटर जनरेटर होऊन परत बॅटरीत टाकते.

माणगावच्या रांगेत गाडी ८ च्या वेगाने दहा-बारा फूट सरकते आणि थांबते. त्या वेगाला ऊर्जा असते एक वॉट-तास. वेगाच्या वर्गाने ऊर्जा घटते, त्यामुळे वेग पाचपट कमी झाला की मिळकत पंचवीसपट कमी. त्यात साधारण १० च्या खाली मोटरचा ब्रेक सोडून साधे डिस्क ब्रेकच काम करतात. म्हणजे सरकत्या रांगेत रिजनरेशन (ब्रेकमधून परत मिळणारी वीज) जवळजवळ शून्य. बॅटरीतून फक्त जातं, येत काही नाही.

मग जातं कुठे? ५ च्या वेगाने गाडी ढकलायला लागतात सुमारे २०० वॉट. पंखा, दिवे, कंट्रोलर, स्क्रीन मिळून ३०० धरा. एसीचा कॉम्प्रेसर मात्र याच बॅटरीवर चालणारा विजेचा असतो आणि दमट उकाड्यात तो सहज एक किलोवॅट खातो. बेरीज दीड किलोवॅट. चार्ज ६० वरून ४० वर यायला ०.१५ युनिट खर्च व्हावं लागतं, म्हणजे सहा मिनिटं. सहा मिनिटांनी इंजिन सुरू होणारच. जागेवर उभ्या गाडीचं इंजिन आपोआप चालू झालं की पुष्कळ जण बिघाड समजून घाबरतात. तो बिघाड नाही. निव्वळ तीन किलोवॅट आत जात असतील तर ४० वरून ५० वर यायला दीड मिनिट लागतं, मग इंजिन पुन्हा गप्प.

थांबे कमी व्हावेत म्हणून पुढे मोठी जागा सोडून एकदम सरकायचं, अशी एक युक्ती सांगितली जाते. पाच किलोमीटरच्या जॅममध्ये पन्नास थांबे वाचले तरी वाचतात ५० वॉट-तास. तेवढ्या तासाभरात एसी खातो हजार. युक्ती करायला हरकत नाही, पण फरक पडतो तो एसीच्या बटणावर. आतली हवा फिरती ठेवा आणि गाडी गार झाली की तापमान २२ वरून २५-२६ वर न्या, इंजिनच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर लगेच वाढलेलं दिसेल.

ईव्हीचं (फक्त विजेवर चालायचं) बटण दाबून इंजिनला थोपवू नका. चार्ज ठरावीक रेषेखाली गेला की गाडी ते बटण मानत नाहीच. तोपर्यंत जी वीज खर्च होते ती नंतर पेट्रोल जाळूनच भरावी लागते, वर जनरेटर, बॅटरी आणि इन्व्हर्टरमधून (बॅटरी आणि मोटरमधली वीज बदलणारा भाग) फिरताना तिची गळती वेगळी.

न्यूट्रलची सवय

क्लचच्या गाडीवरून आलेल्यांची ही हमखास चूक. रांग थांबली की लिव्हर एनवर (न्यूट्रल). हायब्रिडमध्ये एनवर इन्व्हर्टर मोटर-जनरेटरला चालवतच नाही, म्हणून इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही. एसी मात्र ओढत राहतो. चार्ज ४० च्या खाली घसरत जातो आणि शेवटी इशारा येतो. थोडा वेळ थांबायचं असेल तर डी (ड्राइव्ह) आणि ब्रेकवर पाय, किंवा ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय). जास्त वेळ असेल तर पी (पार्क). पीवर गरज पडली की इंजिन स्वतः सुरू होऊन चार्ज करतं.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी यांपैकी कुठल्याही जेटीवर फेरीची वाट बघताना पी. बोटीवर चढल्यावर मात्र पूर्ण बंद, डॅशबोर्डवरचा रेडीचा (गाडी चालायला तयार असल्याचा) दिवा विझलेला बघूनच उतरा. रेडी चालू म्हणजे इंजिन शांत असलं तरी कुठल्याही क्षणी सुरू होऊ शकतं.

घाट आणि जॅमची सांगड

दीड टनाची गाडी १०० मीटर खाली उतरली की सुमारे ०.४ युनिट मोकळं होतं. चाकांचं घर्षण आणि रूपांतरातली गळती जाता ०.२३ च्या आसपास बॅटरीत पडतं. म्हणजे ४० टक्क्यांवरून निघालात तरी शंभर-दीडशे मीटर उतरेपर्यंत बॅटरी काठोकाठ. आंबा घाट साखरप्याकडे उतरताना हे हमखास होतं. तिथून पुढे लिव्हर बीवर (उतारावर इंजिनाने गाडी रोखायची जागा) घ्या. बीमध्ये जनरेटर जादा वीज वापरून इंजिन पेट्रोलशिवाय फिरवतो आणि गाडी रोखून धरतो, ब्रेक तापत नाहीत. सुरुवातीपासूनच बी लावलं तर फुकट मिळणारी वीज इंजिन फिरवण्यात जाते, म्हणून आधी डी आणि हलका ब्रेक, भरल्यावर बी. परशुराम घाट उतरून चिपळुणात शिरताना भरलेली बॅटरी हाताशी असते, तिथली रांग बराच वेळ इंजिनाशिवाय निघते. माणगावच्या आधी मात्र सुकेळी खिंडीचा छोटा उतार सोडला तर काहीच नाही. तिथे शिलकीची आशा ठेवू नका.

बॅटरीचं नाकच बंद

बॅटरी केबिनमधली हवा ओढून गार होते. हवेची जाळी गाडीनुसार मागच्या सीटखाली किंवा बाजूला असते. गावाला निघताना तिथेच पिशव्या, तांदळाचं पोतं, परतताना आंब्याची पेटी. जाळी झाकली की बॅटरी तापते, कंट्रोलर करंट कमी करतो आणि इंजिन विनाकारण जास्त वेळ चालतं. ॲपमध्ये खूण सरळ दिसते: चार्ज पुरेसा, बॅटरीचं तापमान चढतं, तरी इंजिन सुरू. जाळीमागे फिल्टर असेल तर रस्त्याची कामं चालू असलेल्या पट्ट्यातून फिरणाऱ्यांनी तो दर दोन-तीन महिन्यांनी बघावा, जांभ्याची लाल धूळ त्यात पिठासारखी बसते. गाडी पूर्ण बंद करा, जाळीच्या क्लिपा बोटांनी सोडवा, फिल्टर काढून स्वच्छ बाजूने हलका ब्लोअर मारा. जाळीतूनच जोराने हवा मारलीत तर धूळ आत बॅटरीत जाते. नारिंगी केबलला (तिच्यात जास्त व्होल्टची वीज असते) हात लावायचा नाही.

पावसाळा

काच धुरकटली की डीफॉगर लावताना तापमान गरमकडे नेऊ नका. हीटरला इंजिनचं गरम कूलंट लागतं, म्हणून इंजिन बंदच होत नाही. गार आणि कोरडी हवा काच तितकीच साफ करते.

शेवटची नोंद ब्रेकची. हायब्रिडचे डिस्क कमी घासले जातात, आणि किनाऱ्यालगत खारी हवा व पाऊस मिळून त्यांवर चार दिवसांत तांबूस थर येतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर ऐकू येणं ठीक. आठवडाभर रोज चालवूनही डिस्कच्या कडेला गंज राहिला, तर चाक काढून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना मोकळ्या सरकतात का ते तपासा आणि रबराला चालणारं ब्रेक ग्रीस लावा. पिन अडकलेली असेल तर पॅड डिस्कला चिकटून राहतो, आणि जॅममध्ये गाडी ढकलायचे ते २०० वॉट वाढलेले करंटच्या वाचनात आधी दिसतात.