घटप्रभेच्या धारेवर: गोकाक फॉल्स

गोकाकचा धबधबा पाहायचा तर श्रावणात. बेळगावहून मामांबरोबर निघालो तेव्हा तिकडे आंबोली-चंदगडात झड लागलेली होती आणि तिचंच पाणी इथे येऊन पोचलं होतं. लालसर, गढूळ घटप्रभा 52 मीटर खाली कोसळत होती. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून! काठावर महालिंगेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ, नदीवर सुमारे 200 मीटर लांबीचा झुलता पूल. लोकांचे फोटो चालले होते.

मला ओढ होती ती गिरणीच्या वीजघराची. 1887 साली इथली सूतगिरणी सुरू झाली ती या पाण्याच्या जोरावर. कोळशाच्या खाणी फार लांब, कापूस मात्र आसपासच्या काळ्या रानांत पिकायचा. म्हणून गिरणीच धबधब्याजवळ आली. त्या काळी हा विचार करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

कड्याच्या वर पाणी वळवायचं, जाड नळातून खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायचं आणि तेच पाणी पुन्हा नदीला द्यायचं. सेकंदाला एक घनमीटर पाणी 52 मीटर उतरलं तर सुमारे 510 किलोवॉट शक्ती मिळते. यंत्रांतली घट धरूनही चारशेच्या वर वीज हाती येते. हिमाचलात सतलजवरचा 1500 मेगावॉटचा नाथपा झाकडी प्रकल्प वाहत्या पाण्याच्या याच तत्त्वावर चालतो. तिथे 27 किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी नेऊन सव्वाचारशे मीटरहून जास्त उतार मिळवलाय.

"आता पाणी येऊलालंय म्हणून ठीक, उन्हाळ्यात काय ओ मामा?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात नुसता खडक बघायचा," मामा म्हणाले.

वरच्या अंगाला हिडकल धरणात 51 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण ते मुख्यतः शेतीसाठी. धबधब्याच्या अलीकडे धुपदाळला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, तिथून डावा कालवा निघतो. कालव्याला पाणी गेलं की फॉल्सवर येणारं तेवढं कमी. मला यात गैर वाटत नाही. ऊस-मक्याची रानं त्याच पाण्यावर उभी आहेत आणि विजेला दुसऱ्या वाटा आहेत.

परतताना धुपदाळला थांबलो. बंधाऱ्यावरून पाणी उतू चाललं होतं आणि कालवाही काठोकाठ भरला होता.