पुठ्ठ्याचा तळ

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी काम करते. महिन्यातून एकदा जुना चित्रपट दाखवायचं माझ्याकडे असतं. त्या गुरुवारी 'शूज' लावायचा होता, लोइस वेबर या दिग्दर्शिकेचा १९१६ सालचा मूकपट. साथीला पियानो वाजवणारे गृहस्थ ऐन वेळी आजारी पडले. लोक येऊन बसले होते, परत पाठवणं जिवावर आलं. म्हटलं, नुसताच दाखवू.

ईव्हा दुकानात दिवसभर उभी राहणारी पोरगी. आठवड्याचा पाच डॉलर पगार आईच्या हातात जातो, बाप लोळत कादंबऱ्या वाचतो. तिच्या बुटांना तळाशी भोकं पडलीत. रात्री ती पुठ्ठा कापून आत सारते. पावसात त्याचा लगदा होतो. वेबरबाई हे पुन्हापुन्हा, इतक्या जवळून दाखवतात की आपलेच मोजे ओले झाल्यासारखे वाटतात. शेवटी बुटांच्या एका जोडासाठी ती स्वतःला विकते. ती रात्र पडद्यावर नाही. तडकलेल्या आरशात बघणारी ईव्हा दिसते आणि मग नवे बूट घालून घरी आलेली. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

ईव्हा गरम पाण्यात पाय सोडून बसते, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी स्वतःचे बूट काढले. वेलक्रो सुटल्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. पियानो असता तर तो मला ऐकू आला नसता.

नंतर मी नेहमीप्रमाणे माहिती सांगितली: १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत पूर्ण लांबीचे सुमारे ११,००० मूकपट निघाले, त्यातले मूळ स्वरूपात १४ टक्केच उरलेत, 'शूज' ॲमस्टरडॅमच्या 'आय' या चित्रपट-संग्रहालयाने जपला, दुरुस्त केला. सगळे पांगले. आजी थांबल्या. चाळीस वर्षं कपड्यांच्या दुकानात उभ्या होत्या म्हणे.

"पुठ्ठा बसून आखायचा नाही," त्या म्हणाल्या. "भार पडला की पाऊल पसरतं. बसून आखलास तर दुपारपर्यंत कडा टोचायला लागतात."

मी कागदाच्या रिमचं खोकं फाडून दिलं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या त्यावर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "आख." मी गुडघ्यावर बसून पेन्सिल फिरवली. करंगळीपाशी रेघ माझ्या अंदाजाच्या बोटभर बाहेर गेली.