वहीतला प्रोग्राम

माझं सगळं आयुष्य संगणकासाठी प्रोग्राम लिहिण्यात गेलं. तरी सकाळचा चहा झाला की आजही मी आधी दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्राम वाचायला घेतो. ही गोडी मला आपल्या शाळेनं लावली. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही.

केंद्र सरकारनं १९८४ साली शाळांमध्ये संगणक-साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलेलं यंत्र होतं इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. ते इंदूरला आपल्या शाळेत आलं तेव्हा मी आठवीत होतो. चपला बाहेर काढून आम्ही त्या खोलीत जायचो. सुरू करताच यंत्र दोन सुरांत बोलायचं आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. मेमरी फक्त ३२ किलोबाइट. त्यातही पडद्यावर सोळा रंग हवे असतील तर २० किलोबाइट पडद्यालाच लागत. उरलेल्या जागेत प्रोग्राम बसवायचा, म्हणजे प्रत्येक ओळ विचार करूनच लिहावी लागे.

यंत्रं मोजकी आणि मुलं पुष्कळ, म्हणून आमच्या गणिताच्या सरांनी एक शिस्त घातली होती. प्रोग्राम आधी वहीत लिहायचा. मग वही शेजारच्या बाकावर द्यायची. शेजाऱ्यानं तो फळ्यापाशी उभं राहून ओळीओळीनं वाचायचा आणि कोणत्या ओळीनंतर कोणत्या चलात काय असेल ते सांगायचं. लिहिणाऱ्यानं तोवर तोंड उघडायचं नाही. ''मशीनला काय, ते चालवेल. ह्याला कळलं का, ते बघू,'' असं सर म्हणत. शेजारी अडखळला की वही परत. रेम (यंत्र जी ओळ सोडून देतं, ती फक्त वाचणाऱ्यासाठी असते, तिची खूण) लिहून त्यापुढे हेतू नोंदवायला आम्ही असे शिकलो.

सगळ्यात रंगला तो कापरेकरांचा प्रश्न. द. रा. कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२ आणि लगेच ६१७४.

सरांनी सांगितलं, सगळ्या चार अंकी संख्या यंत्राकडून तपासून घ्या. पण वही हातात आली की ते आधी २१११ घालून बघत. २१११ उणे १११२ म्हणजे ९९९. इथे उत्तर ०९९९ असं चार अंकी धरलं, तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा प्रवास नीट होतो. पुढचं शून्य गळालं, तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन हाती शून्य येतं. सरांच्या त्या एका संख्येनं जे शिकवलं, ते मी पुढे नोकरीत नव्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलो: साधी उदाहरणं चालली म्हणून प्रोग्राम चालला असं होत नाही, काठावरची संख्या शोधावी लागते. एका शाळामास्तरांचा शोध दुसऱ्या शाळामास्तरांनी आमच्या हातात दिला, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून संगणकाची मासिकं शोधण्याचा नाद लागला. त्यांत प्रोग्राम छापलेले असत. घरी यंत्र नव्हतं. मी ते नुसतेच वाचत असे, बहीण वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसते तसा.

इंजिनिअरिंगनंतर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली हाती आली. हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये ती जाहीर केली होती. सगळा सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ प्रोग्राम, उघडा, कुणीही वाचावा, सुधारून परत पाठवावा. माझ्या सहकाऱ्यांना ते अजब वाटलं. मला मात्र आमच्या वह्यांची अदलाबदलच जगभर चाललेली दिसली.

माझ्या कामाचा मोठा काळ देवनागरीत गेला. मराठी नावांची यादी संगणकानं अकारविल्हे लावायची, तर युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, क्रमांकांवर विसंबता येत नाही. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर बसतो. आपण मात्र बालवर्गात 'श ष स ह ळ क्ष ज्ञ' असं म्हणतो. त्यामुळे मराठीसाठी क्रमाचा वेगळा नियम सांगावा लागतो. तो लिहिताना प्रत्येक ओळीवर मी मराठीत टीप लिहिली. उद्या ते काम हाती घेणाऱ्याला मला फोन करावा लागू नये.

आजच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बीबीसी मायक्रोवर आम्ही प्रोग्राम लिहायचो ती 'बेसिक' नावाची भाषा त्या यंत्रासाठी सोफी विल्सन यांनी लिहिली. त्यांनीच पुढे एकॉर्नमध्ये स्टीव्ह फर्बर यांच्याबरोबर एआरएम हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाची आकडेमोड करणारी चिप, घडवला. पहिला १९८५ मध्ये चालू झाला, आणि तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये बहुधा त्याचाच वंशज आहे.

मुख्याध्यापिका बाईंशी माझं बोलणं झालं आहे. दिवाळीच्या सुटीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांसाठी प्रोग्राम-वाचनाचा तास घेईन. भाषा पायथन असेल, वही मात्र कागदाचीच. माझ्या काळातल्या कुणाकडे संगणकाच्या तासाच्या जुन्या वह्या असतील, तर कृपया शाळेच्या कार्यालयात पोहोचवाव्यात. मुलांना वाचायला लागतील.