नाईट संपली एकदाची

घरी चाललेय, लोकलमध्ये चक्क विंडो सीट मिळाली तरी डोळा लागत नाहीये. रात्री अडीचला एका पोराला दोन मित्रांनी रिक्षातून अक्षरशः उचलून आणलं, म्हणे "दारू जास्त झालीय मॅडम, बाकी काही नाही". पण दारूचा वासच नाही ना! ओठ निळसर, मिनिटाला जेमतेम ५-६ श्वास आणि टॉर्च मारला तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शुगर नॉर्मल. सिस्टरने तोवर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देायची पिशवी) दाबायला घेतलेली, आधी श्वास मग इंजेक्शन हे तिला सांगावं लागत नाही. नॅलोक्सोन (हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या नशेवरचा उतारा) ०.४ मिलिग्रॅम शिरेतून, २-३ मिनिटं वाट बघून अजून एक, आणि पोराने असा काही श्वास ओढला की वॉर्डबॉय मामा दारातूनच "आला आला" ओरडले.

उठल्या उठल्या मला शिव्या घातल्या (चालायचंच) आणि घरी जायचं म्हणून चप्पल शोधायला लागला. आता याला कसं समजवायचं की नॅलोक्सोनचा असर तासाभरात उतरू शकतो, आतला माल त्याहून जास्त टिकला तर परत श्वास मंदावणार, म्हणून मॉनिटर लावून झोपवलाय तुला. मित्र पोलिसांच्या भीतीने अर्धा तास त्याच्या तोंडावर पाणी मारत बसलेले. अरे गाढवांनो, १०८ तरी लावायचा!

पहाटे आई आली, पिशवीत चहाचा थर्मास. "ॲसिडिटी झाली असेल ना हो?" मी नुसतं त्याच्या मॉनिटरकडे बघत राहिले.