लिस्बनचे दोन दिवस आणि त्याआधीचे सात आठवडे

लिस्बनमध्ये मी आणि माझा नवरा मोजून दोन दिवस होतो, शनिवार आणि रविवार. त्यासाठी सात आठवडे मी रोज रात्री लॅपटॉप उघडून बसत होते. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आम्ही राहतो इंग्लंडात, पासपोर्ट भारतीय. त्यामुळे पोर्तुगालला जायला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतोच. फॉर्म, विमा (किमान ३०,००० युरोंचा), बँकेची स्टेटमेंट्स, ऑफिसची पत्रं हे सगळं एका रविवारी झालं. अडलं ते अपॉइंटमेंटवर.

व्हिसा केंद्राच्या साइटवर तारीखच दिसेना. महिनाच्या महिना करडा. जादा पैसे भरून ‘प्रीमियम’ घेतलं की मात्र स्लॉट हजर! माणशी ९० युरो फी, वर केंद्राचा आकार, आणि त्यावर पुन्हा हे. आम्ही नाही भरले, आणि आजही भरणार नाही. रात्री जेवणं झाली की मी बसायची, पहाटे उठून तो बघायचा. आई फोनवर म्हणाली, “दोन दिवसांसाठी कशाला एवढा आटापिटा?” पण लग्नाला पाच वर्षं होत होती, आणि त्या वर्षात आम्हाला दोघांनाच असे दोन दिवस मिळाले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात एक स्लॉट उघडला. एकच. नवरा म्हणाला, “तू घे, माझं बघू नंतर.” मी घेतला, आणि तिथेच चुकलं. प्रत्येकाची अपॉइंटमेंट वेगळी लागते, आणि त्याला मिळाली ती माझ्यानंतर अकरा दिवसांनी. निर्णयाला १५ दिवस लागू शकतात. म्हणजे माझा पासपोर्ट वेळेत येणार, त्याचा येईलच असं नाही. दोन स्लॉट एकत्र दिसेपर्यंत थांबा, हे मी प्रत्येक जोडप्याला कळकळीने सांगते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, हे मला फार उशिरा कळलं.

काउंटरवर माझी पाळी आली. फाइल मी क्रमाने लावली होती, प्रत्येक कागदाला पिवळी चिठ्ठी. काचेपलीकडच्या मुलीने ती चाळली आणि विचारलं, “रेसिडेन्स कार्ड?” म्हणजे इंग्लंडात राहायच्या परवान्याचं कार्ड. मी म्हटलं, कार्डं ३१ डिसेंबर २०२४ लाच संपली, आता सगळं ऑनलाइन असतं. फोनवर शेअर कोड, म्हणजे तो परवाना ऑनलाइन तपासायचा कोड, काढून दाखवला. तिने मान हलवली. “प्रिंट हवी.” आणि फाइल काचेखालून परत सरकवली. यादीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, यादी मी पाठ केली होती. चार गल्ल्या सोडून एक सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे पळत गेले, दोन कागद छापले, पळत आले. वेळ टळून गेली होती. दारावरच्या गार्डने माझा चेहरा बघितला आणि आत सोडलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. तेव्हा आपल्या ई-व्हिसाचं, म्हणजे या ऑनलाइन परवान्याचं, पान छापून फाइलमध्ये ठेवाच, कोणी मागो न मागो. नवऱ्याला अकरा दिवसांनी काही त्रास झाला नाही, कारण ते पान त्याच्या फाइलीत सगळ्यात वर होतं.

शुक्रवारी संध्याकाळचं विमान. त्याचा पासपोर्ट गुरुवारी दुपारी आला. मी कुरियरवाल्यासमोरच पाकीट फाडलं. हॉटेल रद्द करता येईल असंच घेतलं होतं, म्हणून इतके दिवस निदान झोप तरी लागली.

शनिवारी दहापर्यंत आम्ही खोलीतून हललोच नाही. हॉटेलची मालकीण किल्लीला ‘शाव’ म्हणाली. आपला ‘चावी’ शब्द पोर्तुगीजमधूनच आला. दुपारी मेनूकार्डावर सरळ ‘बटाटा’ लिहिलेला, आणि पाव तर होताच. माझी गोव्याची मावशी खिडकीला जनेल म्हणते. तो शब्द तिथे ऐकला तेव्हा तिला लगेच फोन लावला.

लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. शाळेत १४९८ साल घोकलं होतं, आणि आता त्या माणसापासून हातभर अंतरावर उभे होतो. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. नंतर जवळच १८३७ पासून चालत आलेल्या दुकानातले पाश्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट, खाल्ले: गरम, वर दालचिनी, पापुद्रे शर्टावर. सहा घेतले होते, पुन्हा चार घेतले.

२८ नंबरच्या ट्रामची रांग बघून रविवारी आम्ही चालतच टेकडीवरच्या ग्रासा वस्तीत चढलो. घाई कुणाला होती? तिथे सेन्योरा दो मोंते या शहर दिसणाऱ्या जागी, कठड्याशी दोन तास बसलो, खाली लाल कौलं आणि पलीकडे तेजू नदी. इंग्लंड आणि पोर्तुगालचं घड्याळ एकच, त्यामुळे परतीच्या विमानाचा हिशोबही डोक्यात नव्हता. नवऱ्याने खांद्यावर डोकं टेकलं आणि चक्क झोपला. मी त्याला उठवलं नाही.

हो, बुटांचं राहिलंच. तिथले फूटपाथ छोट्या गुळगुळीत दगडांचे आहेत आणि उतारावर पाय सटकतो, म्हणून पकड असलेले बूटच न्या. आणि पासपोर्ट हातात आला की व्हिसाच्या स्टिकरवरच्या तारखा दोघांच्याही तपासा, तिथल्या तिथे.